बालशैक्षणिक सॉफ्टवेअर : अनेक ऑपरेटिंग सिस्टीमसाठी निर्मिती

तीन ते आठ वर्षांच्या मुलांना अक्षरे, अंक, आकार खेळातून शिकवणारे सॉफ्टवेअर विंडोज, लिनक्स, मॅकओएस आणि अँड्रॉइडवर सारखेच चालेल असे घडवण्याचे काम. शाळेत जुना विंडोज संगणक आणि घरी आईचा अँड्रॉइड फोन, ही कोल्हापूर जिल्ह्यात सहज दिसणारी स्थिती. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये ज्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, तिथे हाती कोणते यंत्र आहे यावरून मुलाचे शिकणे अडता कामा नये.

प्रत्येक सिस्टीमसाठी वेगळा प्रोग्रॅम लिहिणे परवडत नाही, म्हणून सर्वत्र चालणाऱ्या लायब्ररीवर, म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या तयार कोडवर, भर असतो. ‘टक्स पेंट’ (२००२) हा चित्रकलेचा मुक्त प्रोग्रॅम एसडीएल या अशाच लायब्ररीवर उभा आहे. २००० मध्ये सुरू झालेला शैक्षणिक खेळांचा संच ‘जीकॉम्प्री’ २०१४ पासून क्यूटी या लायब्ररीवर नव्याने लिहिला गेला, त्यामुळे तो टॅब्लेटवरही आला. एका कंपनीच्या प्लगइनवर, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या पुरवणी प्रोग्रॅमवर, विसंबणे मात्र घातक ठरते. ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीच्या फ्लॅश या प्लगइनचा आधार संपला आणि मुलांचे असंख्य खेळ बंद पडले. मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवणारे ‘स्क्रॅच’ वाचले, कारण त्याची तिसरी आवृत्ती जानेवारी २०१९ मध्येच एचटीएमएल५ वर, म्हणजे प्लगइनविना ब्राउझरमध्ये चालणाऱ्या तंत्रावर, आली होती.

मराठीत खरी कसोटी अक्षरांची. ‘कोल्हापूर’ हा शब्द सुटा करून पुन्हा जुळवायचा खेळ घ्या. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या जागतिक प्रमाणपद्धतीत, त्याचे नऊ संकेत होतात. मुलाला मात्र को-ल्हा-पू-र अशी चारच अक्षरे दिसायला हवीत. जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम युनिकोडच्या अक्षरविभागणीत २०२३ मध्ये, १५.१ आवृत्तीत आला. जुन्या लायब्ररीत ‘ल्’ आणि ‘हा’ वेगळे पडतात, म्हणजे तोच खेळ एका यंत्रावर चार ठोकळे देतो आणि दुसऱ्यावर पाच. त्यामुळे विभागणीचा नियम प्रोग्रॅममध्येच ठेवावा. फॉन्टही सोबतच द्यावा, नाहीतर ‘ल’ आणि ‘श’ काही यंत्रांवर हिंदी वळणाचे दिसतात आणि पाटीवर गिरवलेले अक्षर मुलाला पडद्यावर ओळखू येत नाही.

अंकांचेही तसेच. इंग्रजीत ‘फॉर्टी’ आणि ‘फाइव्ह’ हे दोन आवाज जोडले की काम भागते. मराठीत ‘पंचेचाळीस’ असे जोडून होत नाही, ‘एकोणपन्नास’ तर पन्नासाच्या घरातून बोलतो. शंभरपर्यंतची प्रत्येक संख्या स्वतंत्र रेकॉर्ड करावी लागते. (बालभारतीच्या दुसरीच्या गणितात २०१९ मध्ये ‘वीस एक’ अशी वाचनपद्धत आली, तेव्हा राज्यभर वाद झाला होता.) वाचता न येणाऱ्या मुलाला सूचना ऐकूनच कळते, म्हणून आवाज याच भागातला असावा. ‘इथं बोट ठेव’ हे ‘येथे स्पर्श करा’पेक्षा त्याला लगेच समजते. ‘ग’ साठी गूळ आणि ‘प’ साठी पन्हाळा ही चित्रेही ओळखीची.

डबल-क्लिक टाळावे, बटणे मोठी ठेवावीत. माउस नुसता वर नेला की दिसणारी सूचना टचस्क्रीनवर मिळत नाही, आणि अँड्रॉइडचे ‘बॅक’ चुकून दाबले तरी खेळ जिथे होता तिथेच राहायला हवा. गगनबावड्यासारख्या धुवाधार पावसाच्या तालुक्यात नेट जाऊ शकते याचा विचार करता सगळे आवाज आणि चित्रे इंटरनेटविना चालावीत, आणि पेन ड्राइव्हवरून शाळेत बसवता यावीत.