गोधडी (विदर्भ)

वापरून मऊ झालेल्या सुती कपड्यांचे थर एकावर एक पसरून, हाताने धावदोरा घालून ते एकजीव केले की जे जाड अंथरूण-पांघरूण तयार होते ती गोधडी. वऱ्हाडी बोलीत ‘ड’चा ‘ळ’ होतो, त्यामुळे जुन्या माणसांच्या तोंडी ती ‘गोधळी’ असते. काही घरांत वाकळ हा शब्दही चालतो. बंगालची कांथा, बिहारची सुजनी आणि कर्नाटकातली कौदी या तिच्या बहिणी. गोधडीला ना माग लागतो ना यंत्र. सुई, दोरा, सारवलेली जमीन आणि दोन-चार जणींची दुपार एवढ्यावर ती होते.

पश्चिम विदर्भ हा कापसाचा मुलूख. वेचणीच्या दिवसांत शेतकऱ्याच्या घरातली एखादी खोली आढ्यापर्यंत कापसाने भरलेली असायची, पोरे त्यात उड्या मारायची, तरी त्याच घरातल्या पांघरुणात रुई नसे. कापूस बाजारासाठी होता. त्यातून सावकाराचे देणे फिटायचे, लग्ने व्हायची. रुईची गादी किंवा रजई करायची तर पिंजाऱ्याला बोलवावे लागे, धुनकीवर रुई पिंजून घ्यावी लागे, वर नवे कापड आणावे लागे. ती बहुधा रुखवतात जायची नाहीतर पाहुण्यासाठी राखलेली असायची. रोजच्या झोपेला गोधडीच. विदर्भाची थंडी थोड्या दिवसांची म्हणून हलकी समजली जाते, पण ती कोरडी आणि बोचरी असते. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. उघड्या रानातली रात्र तर त्याहून कठीण.

गोधडीला जुनेच कापड का, याचे उत्तर फक्त गरिबीत शोधले जाते आणि ते अर्धवट आहे. नव्या कापडात खळ असते, पहिल्या धुण्यात ते आटते. चार थरांतला एक थर आटला आणि बाकीचे तसेच राहिले की गोधडीला सुरकुत्या पडून ती कायमची वाकडी होते. शंभरदा धुतलेले लुगडे जेवढे आटायचे तेवढे आटून चुकलेले असते. त्याचे सूत मोकळे झालेले असते, सुई त्यातून विनासायास जाते, घाम शोषला जातो आणि अंगाला ते टोचत नाही. फाटायला आलेला एकटा थर दुबळा असतो; पण चार दुबळे थर जवळजवळच्या टाक्यांनी बांधले की ओढ एका जागी न येता सगळीकडे वाटली जाते. गोधडीचा सगळा जीव या बांधणीत आहे.

मापही लुगड्यातूनच आले आहे. नऊवारी लुगडे सुमारे आठ मीटर लांब. त्याची चौपदरी घडी घातली की दोन मीटर लांबीचे चार थर मिळतात आणि रुंदी लुगड्याच्या पन्ह्याएवढी. एका माणसाची गोधडी एका लुगड्यात बसते ती अशी. सहावारी साडी साडेपाच मीटरची, तिची तिपदरी घडी जरा आखूड पडते, म्हणून आत धोतराचा किंवा चादरीचा थर घालतात. नागपूर, उमरेड, पवनी या गावांच्या मागांवर विणलेली सुती लुगडी आणि नागपुरात १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाल्यावरचे गिरणीचे कापड, दोन्ही झिजल्यावर इथेच येत. घट्ट विणीचे, कमी झिजलेले कापड वरच्या-खालच्या पदराला लावायचे, चिंध्या आणि विरलेले तुकडे मध्ये. लुगड्याचे काठ फाडून वेगळे ठेवतात आणि शेवटी कडेला गोट म्हणून लावतात, कारण लुगडे विरले तरी काठ टिकून असतो.

शिवायचा हंगाम म्हणजे उन्हाळा. कापूस घरात येऊन गेलेला, तुरी-हरभरा निघालेला, पेरणी अजून दूर. जेवणे आटोपली की ओसरीत किंवा कडुनिंबाखाली जमीन झाडून कापड पसरतात. चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, भरलेली पायली असे काहीतरी वजन ठेवतात. मग हाताच्या तळव्याने मधून कडेकडे कापड सारत जायचे, एकेक थर असा निपटायचा. पुढची पायरी टाचणीची, आणि नवशिकी इथेच चुकते. आधी लांब लांब कच्चे टाके मधोमध अधिकच्या खुणेसारखे घालून मग कडांना टाचायचे. कारण पक्के शिवण बहुधा कडेपासून सुरू होऊन चौकटीत चौकट काढत आत येते. टाचणी नीट नसेल तर प्रत्येक फेरीत थोडे थोडे कापड पुढे ढकलले जाते आणि शेवटी मधोमध फुगा येतो. तो फुगा मग कशानेही बसत नाही, उसवावेच लागते.

शिवताना चौघी चार बाजूंना बसतात. डावा हात गोधडीखाली, उजव्या हातात सुई. खालचे बोट सुईचे टोक आले का ते चाचपते, ते टोचले की सुई वर वळवायची. एका दमात चार-पाच टाके सुईवर घेऊन दोरा ओढायचा. ओढ अशी हवी की टाका कापडात रुतेल, पण कापड चुणणार नाही. चांगल्या हाताचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा असतो आणि दोन ओळींत एका बोटाचे अंतर. वरून पाहिले तर शेतातल्या तासांसारख्या ओळी दिसतात. चौघींच्या हाताची ओढ सारखी नसते, म्हणून जुन्या गोधडीत कुठल्या बाजूला कोण बसली होती ते घरातल्या बायका टाक्यांवरून सांगू शकतात. म्हातारीचे डोळे अधू झालेले असतात. ती सुई उजेडाकडे धरून जवळच्या पोराला हाक मारते, “दोरा ओवून दे रे बाप्पा.” पोरगं दोऱ्याचे टोक जिभेवर ओले करते, चिमटीत पीळ देते आणि ओवते. पुन्हा पुन्हा उठायला लागू नये म्हणून सात-आठ सुया एकदम ओवून पदरात टोचून ठेवायच्या, ही माझ्या आजीची रीत. तिच्यासाठी ओवलेल्या सुया हेच या कामातले माझे पहिले शिक्षण. सासरची, माहेरची, पिकाची, दुखण्याखुपण्याची सगळी बोलणी त्या टाक्यांबरोबर चालतात. एकटीने बसून शिवलेली गोधडीही होते, पण तिला दुप्पट-तिप्पट दिवस लागतात आणि ती शिवणारीला कंटाळा आणते.

गोधडीची ऊब जाडीपेक्षा थरांमध्ये अडकलेल्या हवेतून येते. स्थिर हवा उष्णता सहज जाऊ देत नाही. टाके ती हवा लहान लहान कप्प्यांत थोपवून धरतात आणि थर सरकू देत नाहीत. टाके फार विरळ असले तर आतल्या चिंध्या गोळा होऊन एका कोपऱ्यात जमतात. फार दाट असले तर थर दाबले जातात, हवेला जागा उरत नाही आणि गोधडी ताठ होते. शिलाई मशीनवर मारलेल्या गोधडीचे नेमके हेच होते. मशीनची सुई एकाच रेषेत दाट छिद्रे पाडते, जुने कापड पुढे त्याच रेषेवर चिरते. काम तासाभरात होते हे खरे, पण माझ्या मते तो सौदा तोट्याचा आहे.

गोधडी फाटली म्हणून टाकत नाहीत. वरचा पदर विरला की तिलाच गाभा करून दोन्ही बाजूंनी नवे पदर चढवतात. त्यामुळे एखादीचा कोपरा उसवला तर आत वर्षे दिसतात: वर फुलाफुलांची साडी, तिच्याखाली निळ्या चौकड्यांचे लुगडे, त्याखाली पिवळट धोतर आणि अगदी आत, पांढुरके झालेल्या दोऱ्यांत, कोणाच्या तरी झंपराची बाही. वजन वाढत जाते. लहान मूल अशा गोधडीखाली कूसही बदलू शकत नाही, म्हणून तान्ह्यासाठी फक्त धोतराचे दोन-तीन पदरी दुपटे वेगळे शिवतात, तेही सर्वांत मऊ कापड निवडून.

हीच गोधडी दिवसा बंडीत, म्हणजे बैलगाडीत, बसायला अंथरली जाते. हरभरा-गव्हाच्या दिवसांत रानडुकरांपासून पीक राखायला माणूस जागलीला जातो, तेव्हा काठी आणि टॉर्चबरोबर ती त्याच्या खांद्यावर असते. संत गाडगेबाबा अंगावर चिंध्यांची गोधडी वागवत गावोगाव फिरले. लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. हातात खराटा आणि अंगावर हे ठिगळांचे वस्त्र, हीच त्यांची ओळख झाली. घरोघर बायका जे शिवतात तेच त्यांनी अंगावर घेतले, म्हणून खेड्यातल्या माणसाला ते परके वाटले नाहीत.

धुणे हे मात्र कष्टाचे. भिजलेली गोधडी एकटीला उचलत नाही. नदीवर किंवा विहिरीवर दोघी दोन टोके धरून उलटसुलट पीळ देतात, मोगरीने बडवतात, मग कुंपणावर नाहीतर पऱ्हाटीच्या (कपाशीच्या वाळलेल्या झाडांच्या) ढिगावर पसरतात. एप्रिल-मे महिन्यांतले ऊन ४५ अंशांवर गेले की ती एका दिवसात आतपर्यंत वाळते. पावसाळ्यात धुतली तर गाभा ओला राहून कुबट वास धरतो. शिवणीत ढेकूण झाले असतील तर आधी उकळते पाणी ओततात आणि मग उन्हात टाकतात.

गेल्या काही दशकांत घरातले कापडच बदलले. नऊवारी नेसणाऱ्या बायका कमी झाल्या, धोतरे गेली, रोजच्या साड्या पॉलिएस्टरच्या झाल्या. थंडीत फेरीवाले पानिपतची ब्लँकेटे विकायला येतात, ती हलकी आणि दिसायला छान असतात. पॉलिएस्टरची गोधडी लवकर वाळते, पण घाम शोषत नाही, शिवताना थर एकमेकांवरून निसटतात, कोरड्या थंडीत अंधारात तडतडते आणि शेकोटीची ठिणगी पडली तर वितळून कातडीला चिकटते. म्हणून शिवायला बसण्यापूर्वी कापड पारखून घ्यावे. काठातून एक धागा उपसून जाळायचा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि चिमटीत भुरभुरणारी राख उरते. पॉलिएस्टरचा आक्रसतो आणि टोकाला कडक काळा मणी धरतो. मणी धरणारे कापड पायपुसण्याला ठेवावे. मिसळीच्या धाग्यात राख आणि मणी दोन्ही दिसतात. तसले कापड घालायचेच असेल तर मधल्या थरात घालावे आणि अंगाला लागणारा पदर, जुन्या पलंगपोसाचा का होईना, सुतीच ठेवावा.