द्राक्षगर्भाच्या केमोथेरपीनंतरचे मातृत्व

गर्भधारणेत वार तयार करणाऱ्या पेशी बेसुमार वाढल्या की जे विकार होतात, त्यांत सर्वाधिक आढळणारा म्हणजे द्राक्षगर्भ. डॉक्टर त्याला ‘मोल’ किंवा ‘मोलर प्रेग्नन्सी’ म्हणतात. पिशवी साफ करताना निघणारे पाणीदार दाणे पाहिले, तर द्राक्षांपेक्षा भिजवलेल्या साबुदाण्याचीच आठवण होते. पूर्ण द्राक्षगर्भात गर्भ नसतोच, आणि त्याची सगळी गुणसूत्रे बहुधा पित्याकडून आलेली असतात. पिशवी साफ केल्यावर बहुतेक बायका तेवढ्यानेच बऱ्या होतात. पूर्ण द्राक्षगर्भ झालेल्यांपैकी १५ ते २० टक्के बायकांत मात्र पेशी मागे राहून वाढतात आणि केमोथेरपी द्यावी लागते. कोरिओकार्सिनोमा हा याच गटातला कर्करोग.

या पेशी एचसीजी हे संप्रेरक सोडतात. घरी लघवीच्या पट्टीवर दोन रेघा उमटतात त्या याच संप्रेरकामुळे. म्हणून या आजारात दोन रेघांचा अर्थ ‘दिवस गेले’ असाही होतो आणि ‘रोग परतला’ असाही. केमोनंतरचे पुढचे बरेच नियम या एका अडचणीतून आले आहेत.

उपचारांचा इतिहासही एचसीजीभोवतीच फिरतो. १९५६ मध्ये अमेरिकेत बेथेस्डा येथे मिन चिऊ ली आणि रॉय हर्ट्झ या डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट हे केमोचे औषध देऊन शरीरभर पसरलेला कोरिओकार्सिनोमा बरा केला. दिसणाऱ्या गाठी विरल्यावरही ली औषध थांबवीनात, रक्तातले एचसीजी पूर्ण उतरेपर्यंत त्यांनी ते चालू ठेवले. या हट्टापायी त्यांची तिथली नोकरी गेली. वैद्यकीय संशोधनासाठीच्या १९७२ च्या लास्कर पुरस्कारात मात्र दोघांचीही नावे होती. आजही एचसीजी नॉर्मल झाल्यावर औषधाच्या दोन-तीन फेऱ्या जास्तीच्या दिल्या जातात. कमी जोखमीच्या गटात (रोगाची जोखीम मोजणारा फिगो गुणांक ६ पर्यंत) एकट्या मेथोट्रेक्सेटने किंवा ॲक्टिनोमायसिन-डीने सुरुवात होते आणि जवळपास सर्वच बायका बऱ्या होतात. गुणांक ७ किंवा जास्त असेल तर ईएमए-सीओ ही पाच औषधांची जोडणी वापरतात.

गोव्यात असे रुग्ण पेडणे, सत्तरी, काणकोण अशा लांबच्या तालुक्यांतून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉत) येतात. काही जणी मुंबईला टाटा रुग्णालयात जातात. मेथोट्रेक्सेटने सहसा केस गळत नाहीत. त्यामुळे बाई आजारी होती हे वाड्यावर कुणाला कळतही नाही, आणि देवळात भेटणाऱ्या मावश्या-काकू सरळ विचारतात, “गोड बातमी कधी गो?” गर्भपिशवी ‘खराब झाली’ अशी समजूत घरातही असते. ती चुकीची आहे. या औषधांचा मारा भराभर वाढणाऱ्या पेशींवर असतो, पिशवी शाबूत राहते आणि बहुतेकींची पाळी काही महिन्यांत नियमित होते. केमोनंतर राहिलेल्या गरोदरपणांपैकी साधारण ७० ते ७५ टक्के गरोदरपणांत जिवंत मूल जन्माला येते, म्हणजे इतर बायकांसारखेच. जन्मजात व्यंगांचे प्रमाण वाढलेले दिसत नाही. मृत मूल जन्माला येण्याचे प्रमाण काही अभ्यासांत किंचित जास्त आढळले आहे. पाच औषधांच्या उपचारानंतर पाळी सुमारे तीन वर्षे आधी कायमची थांबू शकते. पस्तिशीच्या बाईला हे आधीच सांगितलेले बरे.

शेवटच्या फेरीनंतर १२ महिने दिवस राहू देऊ नयेत, असा सल्ला असतो. रोग उलटतो तो बहुधा पहिल्याच वर्षात, आणि त्या काळात दिवस राहिले तर एचसीजीच्या दर महिन्याच्या रक्ततपासणीतून काहीच उलगडत नाही. औषधाचा स्पर्श झालेली बीजे निघून जायलाही वेळ मिळतो. या काळात गर्भनिरोधक गोळ्या चालतात. तांबी मात्र एचसीजी नॉर्मल होईपर्यंत बसवत नाहीत, कारण पिशवीला भोक पडण्याचा धोका असतो. आरोग्य केंद्रातून मिळणारी लोह-फॉलिक ॲसिडची लाल गोळी मेथोट्रेक्सेट चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, फॉलिक ॲसिडने औषधाचा जोर कमी होतो. पुढे मूल हवे असेल तेव्हा तेच फॉलिक ॲसिड दिवस राहण्याआधीपासून सुरू करायचे असते.

वर्षाच्या आतच दिवस राहिले तर गर्भ पाडलाच पाहिजे असे नाही. लवकर सोनोग्राफी करून गर्भ पिशवीत आणि नीट आहे ना, ते पाहतात. अशी बहुतेक गरोदरपणे सुखरूप पार पडतात.

पुन्हा द्राक्षगर्भ होण्याची शक्यता १०० त सुमारे १ असते, दोनदा झाला असेल तर ती बरीच वाढते. काही घराण्यांत एनएलआरपी७ या जनुकातल्या दोषामुळे तो पुनःपुन्हा होतो. तिथे दुसऱ्या स्त्रीचे बीज घेऊन गर्भधारणा करणे हा मार्ग उरतो. वारेच्या जागेवर होणारी एक दुर्मीळ गाठ केमोला फारशी दाद देत नाही, तिच्यासाठी सहसा पिशवीच काढावी लागते.

केमो झालेल्या बाईने पुढच्या प्रत्येक गरोदरपणानंतर, मग बाळंतपण असो वा गर्भपात, सुमारे सहा आठवड्यांनी एकदा एचसीजी तपासायचे असते. तोवर बाळंतिणीचा सव्वा महिना नुकताच संपलेला असतो, घरात बाळाचे कौतुक चाललेले असते, आणि बांबोळीची जुनी फाइल कपाटात कुठे ठेवली ते कुणाला आठवत नसते.