राणीछाप रुपयाची चमक: टाकसाळीची की घासलेली?

जुन्या चांदीच्या रुपयाची प्रत ठरवताना नवखा माणूस सर्वांत जास्त फसतो तो चमकीला. टाकसाळीतून आलेली चमक आणि चिंच, राख नाहीतर दंतमंजन लावून आणलेली चमक, दोन्ही हातभर अंतरावरून सारख्याच दिसतात. भावात मात्र जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

आधी मूळ चमक. ठशाचा दाब बसतो तेव्हा चांदी मधून कडेकडे सरकते आणि पृष्ठभागावर बारीक, किरणांसारख्या रेषा उमटतात. नुसत्या डोळ्यांना त्या दिसत नाहीत, पण प्रकाशाला दिसतात. नाणं एकाच बल्बखाली धरून हळूहळू कलतं करा. प्रकाशाचे दोन पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे नाण्याभोवती फिरतात. फिरले तर चमक मूळची. घासलेल्या नाण्यावर ते फिरत नाहीत. अख्खं नाणं एकदम लखलखतं आणि एकदम विझतं. दहापट भिंगाखाली पाहिलं की मोकळ्या जागेत केसासारखे ओरखडे दिसतात, बहुतेक एकाच दिशेने गेलेले, कारण फडकं त्याच दिशेने फिरलेलं असतं.

मला यापेक्षाही भरवशाची वाटणारी खूण म्हणजे चमक नेमकी कुठे आहे ते पाहणं. 1862 सालचा व्हिक्टोरियाचा रुपया घ्या. (त्यावरचं साल जपून वाचा, 1862 हेच साल टाकत हे रुपये पुढे 1874 पर्यंत पाडले गेले.) व्यवहारात फिरलेल्या रुपयाची झीज उंचवट्यावरून सुरू होते: राणीचा गाल, कानावरचे केस, मुकुट, खांद्यावरची वेलबुट्टी. तिथे चांदी करडी, निस्तेज होते आणि मूळ चमक उरते ती अक्षरांच्या आडोशाला. घासलेल्या नाण्यात सगळं उलटं. फडकं पोचतं ते उंचवट्यावर, म्हणून गाल चकचकीत आणि अक्षरांच्या बुडाशी काळी रेघ. आपल्याकडच्या लक्ष्मीपूजनाच्या रुपयांत त्या रेघेत कुंकूही सापडतं. झिजलेला गाल चमकत असेल तर ती चमक टाकसाळीची असूच शकत नाही, एवढं ध्यानात ठेवलं तरी बाजारातली निम्मी नाणी आपोआप वेगळी पडतात.

प्रतीच्या भाषेत सांगायचं तर 70 अंकांच्या शेल्डन मापात 60 पासून वर अनसर्क्युलेटेड, म्हणजे व्यवहारात न फिरलेलं नाणं. 50 ते 58 म्हणजे उंचवट्यावर जेमतेम झीज आणि बरीचशी चमक शाबूत. 40-45 ला चमक फक्त कोपऱ्या-कोपऱ्यांत. घासलेल्या नाण्यावर नक्षी कितीही ठसठशीत असली तरी नाणं तपासून डबीत सीलबंद करणाऱ्या कंपन्या त्याला सहसा साधा अंक देत नाहीत. 'डिटेल्स' (नक्षी आहे, पण नाणं बिघडवलेलं) असा शेरा मारून 'क्लीन्ड' म्हणजे घासलेलं असं लिहितात. रुपयाला दागिन्यासाठी कडी लावली असेल आणि पुढे ती काढून जोडाचा डाग घासून टाकला असेल तरी गत तीच. म्हणून काठाच्या दातऱ्याही एकदा फिरवून पाहाव्यात.

गोंधळ वाढवणारं तिसरं प्रकरण म्हणजे ॲसिडचं 'डिप'. त्यात नाणं घासत नाहीत, बुडवून काढतात. काळपटपणा म्हणजे सिल्व्हर सल्फाइड; तो विरघळताना चांदीचा सूक्ष्म थरही जातो. एकदा, हलक्या हाताने केलेलं डिप जाणकारांनाही चकवतं. पुन्हा पुन्हा केलं की त्या किरणरेषाच खाल्ल्या जातात आणि नाणं पांढरंफटक, मेल्यासारखं दिसतं. ओरखडे नाहीत, तरी पट्टे फिरत नाहीत, असं असेल तर डिपचा संशय घ्या.

याउलट काळपट, पिवळसर, कडेला निळी झाक आलेला रुपया बघून नाक मुरडू नका. त्या थराखालूनही पट्टे फिरत असतील तर तो उत्तम प्रतीचा आहे आणि त्याला चिंच लावणं म्हणजे पैसे नळाखाली धुऊन टाकणं. तेलकटपणा असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवा (खिडकी उघडी, गॅस बंद), घासू नका, आणि पीव्हीसी प्लास्टिकच्या मऊ पाकिटात ठेवू नका. त्यातून हिरवट चिकटा सुटून चांदीला लागतो.

सराफाला यातलं काहीच लागत नाही. त्याचा हिशेब वजनाचा: रुपया 11.66 ग्रॅम, 1940 च्या आधीचा असेल तर चांदी सुमारे 91.7 टक्के, 1940 पासून ती निम्म्यावर आली. संग्राहक म्हणून विकत घेताना मात्र स्थिर फोटोवर भाव ठरवू नका, कारण फोटोत दोन्ही चमका एकच. एका बल्बखाली नाणं हळू कलतं करतानाचा व्हिडिओ मागा, फ्लॅश बंद ठेवून. विकणाऱ्याने टाळाटाळ केली तर सराफाच्या हिशेबापेक्षा फार वर जाऊ नका.