डिस्कशिवाय बूट: पीएक्सई आलं कुठून?

पीएक्सई, म्हणजे डिस्कऐवजी नेटवर्कवरून संगणक सुरू करायची पद्धत, पहिल्यांदा लावताना प्रश्न पडतोच: संगणक नुसता सुरू करायला डीएचसीपी (यंत्राला आयपी पत्ता देणारा प्रोटोकॉल), टीएफटीपी (फाइल आणून देणारा साधा प्रोटोकॉल), वर बूट फाइलचं, म्हणजे सुरुवातीला चालवायच्या फाइलचं, नाव, एवढा खटाटोप कशाला? उत्तर १९८०च्या दशकात आहे.

तेव्हा हार्डडिस्क महाग होती. म्हणून सन या कंपनीच्या ३/५० सारखी डिस्कच नसलेली वर्कस्टेशन्स आली. चालू होताना अशा यंत्राला फक्त आपला हार्डवेअर पत्ता ठाऊक असे. आयपी पत्ता विचारायची सोय १९८४मध्ये आरएआरपी या प्रोटोकॉलने केली, पण ती विचारणा राउटर ओलांडत नसे आणि पुढे कुठली फाइल उचलायची हेही कळत नसे.

१९८५मध्ये बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांनी बूटपी हा प्रोटोकॉल मांडला. यंत्राचा पत्ता, सर्व्हरचा पत्ता आणि फाइलचं नाव, सगळं एकाच उत्तरात; नावासाठी १२८ बाइट राखलेले. १९९३च्या डीएचसीपीने पॅकेटचा हाच साचा उचलला. आज पडद्यावर ‘पीएक्सई-ई५३’ ही चूक झळकते तेव्हा बहुधा फाइलच्या नावाचा हाच रकाना, किंवा त्याच्या जागी वापरला जाणारा डीएचसीपीचा ६७ क्रमांकाचा पर्याय (ऑप्शन), रिकामा असतो.

टीएफटीपीला नावं ठेवणारे पुष्कळ, पण तो यंत्रातल्या छोट्याशा रॉममध्ये (कायमस्वरूपी मेमरी चिपमध्ये) मावायला हवा होता हे विसरू नये. लॉगिन नाही, फाइलींची यादी नाही. ५१२ बाइटचा तुकडा पाठवायचा, पोच येईपर्यंत थांबायचं, मग पुढचा. त्याहून लहान तुकडा आला की फाइल संपली. इतका साधा प्रोटोकॉल आहे म्हणूनच तो टिकला, असं मला मनापासून वाटतं. तुकड्यांचे क्रमांक १६ बिटांचे, त्यामुळे मूळ रूपात ३२ एमबीच्या आसपास गाडी अडे. तुकडा मोठा करायची सोय नंतर झाली.

या सगळ्याची मोट इंटेलने पीएक्सईत बांधली, २.१ ही आवृत्ती १९९९ची. त्यातली प्रॉक्सी डीएचसीपीची कल्पना फार उपयोगाची: चालू डीएचसीपी सर्व्हरला हात न लावता दुसरं यंत्र फक्त बूटची माहिती देतं.

२०१०मध्ये आयपीएक्सई हा नेटवर्कवरून बूट करणारा मुक्त प्रोग्राम जीपीएक्सई या जुन्या प्रकल्पातून वेगळा झाला आणि मोठ्या फाइली एचटीटीपीवरून, म्हणजे वेबच्याच प्रोटोकॉलने, आणणं सोपं झालं. २०१५च्या यूईएफआय २.५मध्ये तर एचटीटीपी बूट थेट फर्मवेअरच्या, म्हणजे यंत्रातच बसवलेल्या सुरुवातीच्या सॉफ्टवेअरच्या, मानकातच आलं. तरी बायोस या जुन्या फर्मवेअरच्या यंत्रावर आयपीएक्सईची ती पहिली इवलीशी फाइल बहुधा टीएफटीपीच आणून देतो.