वारसा हॉटेलांची पार्श्वभूमी

जुन्या वास्तूत उतरून त्या मुलखाची राहणी अनुभवावी, या प्रवाशांच्या हौसेपोटी आपल्याकडे वारसा हॉटेले निघाली, असा समज आहे. प्रत्यक्षात त्यांचा उगम मालकांच्या अडचणीत आहे. संस्थाने विलीन झाल्यावर राजवाड्यांचा पसारा सांभाळणे राजघराण्यांना जड जाऊ लागले. जयपूरच्या रामबाग राजवाड्याचे १९५७ मध्ये हॉटेल झाले आणि उदयपूरच्या पिछोला सरोवरातील, अठराव्या शतकात बांधलेल्या जगनिवासाचे १९६३ मध्ये. पुढे १९७१ मध्ये सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखेही बंद झाले, तेव्हा इतर अनेक संस्थानिकांनी हाच मार्ग धरला. जगनिवासाच्या कामात सल्लागार होत्या त्या डिडी काँट्रॅक्टर. जन्माने अमेरिकन, लग्नानंतर नाशिक आणि जुहू येथे राहिलेल्या, आणि उत्तरायुष्यात हिमाचलात मातीची घरे बांधणाऱ्या.

राजवाड्यांत थाट होता, पण तो राजांचा. साध्या घराच्या राहणीला हॉटेलात मान मिळाला तो, माझ्या मते, केरळमध्ये. तेथील एकत्र कुटुंबे विसाव्या शतकात विभागली गेली, १९७५ च्या कायद्याने एकत्र कुटुंबपद्धतीच कायद्यातून गेली, आणि वारसांना नकोशी झालेली ‘तरवाड’, म्हणजे एकत्र कुटुंबांची वडिलोपार्जित, घरे लाकडाच्या भावाने विकली जाऊ लागली. खाचा आणि सांधे यांवर उभी असल्याने ही घरे सुटी करून पुन्हा जोडता येतात. कुमरकोमच्या कोकोनट लगून या हॉटेलाने १९९० च्या दशकाच्या आरंभी नेमके तेच केले: वेंबनाड सरोवराच्या काठी जुनी घरे आणून पारंपरिक सुतारांकडून उभी करवली. मूळ घरात नसलेले न्हाणीघर मागे, उघड्या आभाळाखाली जोडले. वास्तूला धक्का न लावता सोय कुठे बसवायची, हा या रचनेतला सर्वांत अवघड प्रश्न असतो आणि त्याचे हे उत्तर मला आजही नामी वाटते.

केंद्र सरकारने पुढे वारसा हॉटेलांची वेगळी वर्गवारी केली आणि त्यासाठी वास्तू १९५० पूर्वीची असण्याची अट घातली.

महाराष्ट्रात ही वाट उशिरा रुळते आहे. सावंतवाडीच्या राजवाड्यात अलीकडे पाहुण्यांसाठी ज्या मोजक्या खोल्या सजवल्या, त्यांची कल्पना गंजिफांवर, म्हणजे जुन्या पद्धतीच्या खेळायच्या पत्त्यांवर, बेतलेली आहे. त्याच राजवाड्याच्या दरबारात बसून कारागीर दशावतारी गंजिफांची एकशेवीस गोल पाने हाताने रंगवतात.