मेंदूच्या भेदक जखमा

गोळी, स्फोटातून उडालेला धातूचा तुकडा, सुरा किंवा खिळा कवटी फोडून ड्युरा हे मेंदूचे चिवट बाह्य आवरण भेदतो, तेव्हा होणारी इजा. आवरण शाबूत असल्यास, कवटी पिचलेली असली तरी, जखम या वर्गात धरत नाहीत.

उघड्या पडलेल्या मेंदूचे वर्णन ईजिप्तच्या एडविन स्मिथ पपायरस या प्राचीन वैद्यकीय हस्तलिखितात आढळते. उपलब्ध प्रत इ.स.पू. १६०० च्या सुमाराची असून मूळ मजकूर भाषेवरून बराच जुना असावा, असे मानतात.

जखम किती खरवडावी, हा या उपचारातील जुना वाद. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, अमेरिकन मेंदूशल्यविशारद हार्वी कुशिंग यांनी रबरी नळीने चुरडलेला मेंदू शोषून काढणे, हाडांच्या किरच्या व धातू वेचणे आणि आवरण घट्ट शिवणे अशी पद्धत बसवली. त्यांच्या रुग्णांतील मृत्युप्रमाण तीन महिन्यांत सुमारे ५५ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर आले. तेव्हा प्रतिजैविके नव्हती, हे ध्यानात घ्यावे. व्हिएतनाम युद्धात उरलेल्या किरचांसाठी पुन्हा शस्त्रक्रियाही होत. १९८२ चे लेबनॉन युद्ध आणि इराण-इराक युद्ध यांतील अनुभवाने हा आग्रह सैलावला. खोल रुतलेला तुकडा शोधताना धडधाकट मेंदू दुखावतो. जंतुसंसर्गाचा अधिक भरवशाचा इशारा म्हणजे मस्तिष्क-मेरुद्रवाची, म्हणजे मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या द्रवाची, गळती. या जखमांच्या उपचारासाठीच्या २००१ च्या मार्गदर्शक तत्त्वांचा कलही मर्यादित सफाईकडे आहे, आणि तोच अधिक ग्राह्य वाटतो. इराक व अफगाणिस्तानातील लष्करी शल्यविशारदांनी मात्र सूज ओळखून कवटीचा मोठा भाग लवकर काढून ठेवण्यावर भर दिला.

लष्करी व नागरी आकड्यांची तुलना जपून करावी. रणांगणावर स्फोटाच्या तुकड्यांच्या जखमा पुष्कळ. नागरी जीवनात जवळून झाडलेल्या गोळीच्या, त्यांतही आत्महत्येच्या प्रयत्नातील जखमा अधिक घातक, आणि अनेकजण रुग्णालयात पोहोचण्याआधीच दगावतात. दोन्ही गोलार्ध किंवा मेंदूतील पोकळ्या ओलांडणारा मार्ग आणि शुद्धीची पातळी ३ ते १५ गुणांत मोजणाऱ्या ग्लासगो कोमा मापनश्रेणीवरील ३ ते ५ गुण ही वाईट लक्षणे होत. रुतलेला सुरा शस्त्रक्रियागृहाबाहेर उपसू नये. निदान सी.टी. स्कॅनने होते, लोहयुक्त धातू आत असल्यास एम.आर.आय. टाळतात. इजा झालेल्या रोहिणीला पुढे फुगा येऊन तो फुटू शकतो, म्हणून संशय असल्यास रोहिणीचित्रण करतात.

आकडीविरोधी औषध पहिला आठवडा देतात. उशिरा जडणारा अपस्मार त्याने टळत नाही. व्हिएतनाममधील जखमी सैनिकांच्या दीर्घ पाहणीत सुमारे निम्म्यांना १५ वर्षांत तो जडला होता.