‘चीटर’ कोणाला म्हणायचे? पायोव्हर्डिनच्या वादाची पार्श्वभूमी

हवेच्या संपर्कातल्या पाण्यात लोह फेरिक रूपात असते आणि उदासीन सामूला ते जवळपास विरघळतच नाही. स्यूडोमोनास एरुगिनोसा हा जिवाणू ते लोह मिळवण्यासाठी पायोव्हर्डिन नावाचा पिवळसर हिरवा, अतिनील प्रकाशात चमकणारा रेणू बाहेर सोडतो. बाहेर पडलेला रेणू लोह धरतो आणि ज्याच्या बाह्यपटलावर ‘एफपीव्हीए’ हा ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे रेणू पकडून आत घेणारे प्रथिन) आहे, त्या कोणत्याही जिवाणूला ते लोह आत घेता येते. रेणू कोणी बनवला याला तिथे महत्त्व नाही. बनवण्याचा खर्च एकाचा आणि फायदा शेजारच्याचाही, अशी ही सोय आहे. खर्च न करता हा फायदा लाटणाऱ्या वाणाला ‘चीटर’ म्हणतात, आणि पायोव्हर्डिन न बनवणाऱ्या प्रत्येक वाणाला तसे म्हणावे का, हा वाद आहे.

रंगद्रव्य म्हणून पायोव्हर्डिन जुनेच. त्याचे लोहाशी नाते १९७०च्या दशकाच्या अखेरीस स्पष्ट झाले. आप्तनिवडीचे (जवळच्या नातलगांना मदत करणारे गुण का टिकतात याचे) गणित १९६४चे, पण बराच काळ ते मधमाश्या-मुंग्यांपुरतेच वापरले गेले. जिवाणूंमधली फुकटेगिरी प्रयोगात नीट दिसू लागली ती २००० नंतर. आधी मिक्सोकोकस या जिवाणूच्या बीजाणूंमध्ये, मग २००३ मध्ये स्यूडोमोनास फ्लुओरेसेन्सच्या तरंगत्या सायीत. चिकट द्रव्य न बनवणारे पेशीसमूह त्या सायीत वाढले की ती कमकुवत होऊन बुडायची.

२००४चा पायोव्हर्डिनचा प्रयोग निर्णायक ठरला तो त्याच्या मांडणीमुळे. काही नळ्यांत एकाच वाणाची सुरुवात (जवळचे नाते), काहींत बनवणारा आणि न बनवणारा असे दोन वाण (दूरचे नाते). फेरी संपल्यावर एका मांडणीत सगळ्या नळ्या एकत्र मिसळून पुढची पिढी निवडली, म्हणजे जास्त वाढलेल्या नळीचा वाटा जास्त. दुसरीत प्रत्येक नळीतून सारखीच संख्या घेतली. नाते जवळचे असताना पायोव्हर्डिन बनवणारे टिकले, पण नळ्यांना सारखा वाटा दिला की तो फायदा घटला. या दुसऱ्या निष्कर्षाकडे आजही पुरेसे लक्ष दिले जात नाही, याची खंत वाटते.

त्या प्रयोगातला न बनवणारा वाण मात्र अतिनील किरणांनी तयार केलेला होता. अशा वाणात इतरत्रही बदल असू शकतात, म्हणून पुढे पायोव्हर्डिन बनवण्यासाठी लागणारे ‘पीव्हीडीडी’ हे एकच जनुक काढलेले वाण वापरात आले. ‘पीव्हीडीएस’ काढलेला वाण घेतला तर घोटाळा वाढतो, कारण हे नियामक जनुक एक्झोटॉक्सिन-ए हे विष आणि एक प्रोटिएझही (प्रथिने तोडणारे एन्झाइम) हाताळते. मग वाढीतला फरक नेमका कशामुळे, ते सांगता येत नाही. शिवाय या जिवाणूकडे पायोकेलिन हा दुसरा लोहवाहक आहेच. शुद्ध तुलनेसाठी तोही बंद करावा लागतो.

अशा प्रयोगांत जिवाणू ज्या लोहटंचाईच्या द्रवात वाढवतात, त्या माध्यमाची कृती साधी आहे: लिटरला ५ ग्रॅम कॅसअमिनो आम्ले, १.१८ ग्रॅम डायपोटॅशियम फॉस्फेट, ०.२५ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट. त्यात मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम मानवी अपोट्रान्सफेरिन (लोह धरून ठेवणारे प्रथिन, लोहाविना) आणि २० मिलिमोलर सोडियम बायकार्बोनेट. बायकार्बोनेट विसरले तर ट्रान्सफेरिन लोह घट्ट धरत नाही आणि लोहटंचाई नावापुरतीच राहते. हे दोन्ही ऑटोक्लेव्हनंतर (वाफेने निर्जंतुक केल्यावर), गाळून घालायचे. काचेच्या भांड्यांतून लोह झिरपते, म्हणून ती आम्लाने धुवायची किंवा प्लॅस्टिकची घ्यायची. रात्रभर वाढवलेल्या पेशी मिठाच्या पाण्याने धुतल्या नाहीत, तर जुने पायोव्हर्डिन सोबत येते आणि न बनवणाऱ्याला पहिले काही तास उधारीवर मिळतात. मोजणी शेवटी वसाहतींच्या रंगावरून होते: किंग्ज-बी आगार या घट्ट माध्यमावर बनवणारे हिरवट, न बनवणारे पांढरे.

आता शब्दाचा गुंता. २०१३ मध्ये स्यूडोमोनास फ्लुओरेसेन्सवर काम करणाऱ्या एका गटाने आक्षेप घेतला की पायोव्हर्डिन न बनवणारा प्रत्येक वाण चीटर नसतो. लोह पुरेसे असताना तो फक्त अनावश्यक खर्च टाळत असतो. पुढच्याच वर्षी दुसऱ्या बाजूचे उत्तर आले की लोहटंचाईची खात्री न करता काढलेला निष्कर्ष सामाजिक वर्तनाबद्दल काही सांगत नाही. माझ्या मते आक्षेप रास्त होता, पण त्यावरून सगळी संकल्पनाच मोडीत काढणे चूक होते. चीटर हा वाणाचा स्वभाव नव्हे, मिश्रणातले नाते आहे. तसे म्हणण्यासाठी चार गोष्टी दिसाव्या लागतात. लोहटंचाईत एकटा असताना तो मागे पडतो. लोह दिले की ती तूट भरून निघते. तयार पायोव्हर्डिन दिले तरी सुधारतो. आणि मिश्रणात, विशेषतः संख्येने कमी असताना, बनवणाऱ्यापेक्षा वेगाने वाढतो. मराठीत ‘लबाड’पेक्षा ‘ऐतखाऊ’ जवळचा, कारण लबाडीत हेतू येतो. पण ऐतखाऊ म्हणण्याआधीही ही चार मापे हवीतच.

‘लास-आर’ हे प्रोटिएझसारख्या बाहेर सोडायच्या एन्झाइमांचे नियंत्रण करणारे जनुक गमावलेल्या वाणांतही हेच. २००७ मध्ये केसीनवर (दुधातल्या प्रथिनावर) वाढवताना ते आपोआप उगवताना दिसले: प्रोटिएझ दुसऱ्याचे, अमिनो आम्ले याची. पण फुफ्फुसातून मिळणाऱ्या अशा वाणांना फिनाइलअॅलानिनसारख्या काही अमिनो आम्लांवर स्वतःचाही फायदा असतो. तिथे चीटर म्हणणे घाईचे. २०१२ मध्ये याच यंत्रणेतला एक अंकुश सापडला. अॅडेनोसिन पचवणारे एन्झाइम पेशीच्या आतच राहते आणि तेही लास-आरच्याच ताब्यात आहे. केसीनमध्ये अॅडेनोसिन मिसळले की फुकट्यांची वाढ आटोक्यात राहते.

सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांच्या फुफ्फुसांतल्या, वर्षानुवर्षे जपलेल्या नमुन्यांचा २०१५चा अभ्यास वादाला थेट भिडला. शेजारी पायोव्हर्डिन बनवणारे असेपर्यंत न बनवणाऱ्यांनी एफपीव्हीए ग्राहक राखून ठेवला होता. बनवणारे नाहीसे झाल्यावर तोही हळूहळू गेला. लोह नकोच असते, तर ग्राहक इतका काळ टिकायचे कारण नव्हते. जुनाट संसर्गात हीमोग्लोबिनच्या हीममधून लोह घेण्याचा वेगळा रस्ता बळावतो, हेही दिसले आहे. म्हणून थुंकीच्या नमुन्यातला वाण तपासताना नुसती चमक मोजून थांबू नये. ग्राहकाचे जनुक शाबूत आहे का, तेही वाचावे.